ज्यांना मत दिलं त्यांच्याच पोलिसांनी पोस्टवरून अटक केली तर? महाराष्ट्रातल्या लिबरल मतदाराची कोंडी समजून घ्या

तारीख १८ नोव्हेंबर २०१२. वार रविवार.

आदल्या दिवशी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं होतं. शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार होते आणि मुंबई कडकडीत बंद होती. पालघरमधल्या एका तरुणीनं या बंदबद्दल प्रश्न विचारणारी पोस्ट फेसबुकवर टाकली. तिच्या मैत्रिणीनं ती लाईक केली.

पुढच्या काही तासांत जमाव जमला. पोस्ट लिहिणाऱ्या मुलीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. पोलिसांनी दोघींवर गुन्हा दाखल करून अटक केली. एकीनं लिहिलं म्हणून आणि दुसरीनं लाईक केलं म्हणून.

खरी मेख पुढे आहे. तेव्हा राज्यात शिवसेनेची सत्ताच नव्हती. काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार होतं. पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री होते, आर. आर. पाटील गृहमंत्री होते. दिल्लीतही काँग्रेसच्या नेतृत्वाखालचं सरकार होतं. अटकेसाठी वापरलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६ अ हे कलमसुद्धा याच केंद्र सरकारच्या काळात, २००८ च्या दुरुस्तीतून आलं होतं.

म्हणजे ज्या मतदारानं 'निदान मोकळेपणानं बोलता आलं पाहिजे' असं म्हणून आघाडीला मत दिलं होतं, त्याच्याच सरकारच्या पोलिसांनी लाईकवरून अटक केली होती.

स्वतःला लिबरल किंवा उदारमतवादी म्हणवणाऱ्या मतदाराची अडचण समजून घ्यायची असेल तर पालघरपासूनच सुरुवात करावी लागते.

लिबरल मतदार म्हणजे नेमका कोण?

सोशल मीडियावर 'लिबरल' ही आता जवळपास शिवी झाली आहे. पुरोगामीचं 'फुरोगामी' करून झालंय. भाजपवर टीका केली की माणूस लिबरल, काँग्रेसला मत दिलं की लिबरल, लाल झेंडा धरला तरी लिबरल, असं सगळं एकाच पोत्यात भरलं जातं.

पण उदारमतवाद, डावेपणा आणि काँग्रेस या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

उदारमतवादाचा गाभा साधा आहे. माणूस महत्त्वाचा, त्याची जात किंवा धर्म नंतर. सरकारच्या हातात मोजकीच सत्ता हवी आणि तिच्यावर कोर्टाचा, कायद्याचा, वर्तमानपत्रांचा लगाम हवा. आणि ज्याचं म्हणणं आपल्याला अजिबात पटत नाही, त्यालाही ते म्हणायचा हक्क हवा.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांनी सनदशीर मार्गानं सुधारणेचं राजकारण केलं. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' सुरू केलं आणि इतकं सडेतोड लिहिलं की सनातनी मंडळींनी जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात राजकारणातल्या व्यक्तिपूजेबद्दल इशारा दिला होता.

या यादीत एक नाव सहसा घेतलं जात नाही. शरद जोशी. शेतकरी संघटनेच्या या नेत्याची मांडणी अशी होती की, सरकारनं शेतकऱ्यावर मेहेरबानी करू नये, फक्त त्याच्या मालाचा भाव पाडू नये. १९८६ मध्ये चांदवडला त्यांच्या संघटनेनं शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन घेतलं, नंतर बायकोच्या नावावर जमीन करून देणारी 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम चालवली. पुढे त्यांनी स्वतंत्र भारत पक्षही काढला. म्हणजे लिबरल माणूस फक्त कोथरूडच्या नाहीतर दादरच्या फ्लॅटमध्येच राहतो, हे काही खरं नाही. तो चांदवडच्या कांद्याच्या चाळीतही सापडतो.

दिल्लीबद्दल त्याचं म्हणणं काय असतं?

देशाच्या राजकारणाकडे हा मतदार बघतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न असतो, सत्तेला लगाम आहे का?

म्हणून १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टानं निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले, तेव्हा त्याला बरं वाटलं. पक्षाला पैसे कोण देतं हे मतदाराला कळलं पाहिजे, एवढाच त्याचा आग्रह होता. यूएपीएखाली अटक झालेले लोक खटला सुरू व्हायच्या आधीच वर्षानुवर्षं तुरुंगात राहतात, याचा त्याला त्रास होतो. भीमा-कोरेगाव प्रकरणातले फादर स्टॅन स्वामी जुलै २०२१ मध्ये कोठडीत असतानाच आजारपणात गेले, हे तो विसरत नाही.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, म्हणजे हा भाजपविरोधी मतदार. पण थोडं मागे जाऊ.

शहाबानो खटल्यात सुप्रीम कोर्टानं १९८५ मध्ये घटस्फोटित मुस्लीम महिलेच्या पोटगीचा हक्क मान्य केला. राजीव गांधी सरकारनं १९८६ मध्ये नवा कायदा आणून त्या निकालातली हवा काढून घेतली. उदारमतवाद्यांना हा विश्वासघात वाटला आणि अनेकांना तो आजही तसाच वाटतो.

महाराष्ट्रात तर या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लीम महिलांना घेऊन मुंबईत विधान भवनावर मोर्चा नेला होता. तोंडी तलाक बंद करा आणि सगळ्यांसाठी समान कायदा करा, अशी त्यांची मागणी होती. १९७० मध्ये त्यांनी मुस्लीम सत्यशोधक मंडळ काढलं. त्यामुळे दलवाई वाचलेला मराठी लिबरल समान नागरी कायद्याला सरसकट विरोध करू शकत नाही. तो विचारतो, हा कायदा बाईला हक्क देण्यासाठी येतोय की एका समाजाला धडा शिकवण्यासाठी? कायद्याचा मसुदा वाचल्याशिवाय त्याला हो किंवा नाही म्हणता येत नाही. आणि टीव्हीवरच्या चर्चेत असं उत्तर चालत नाही.

आर्थिक बाबतीतही तेच. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं कांद्यावर निर्यातबंदी घातली. शहरातल्या गिऱ्हाईकाला कांदा स्वस्त मिळावा म्हणून नाशिकच्या शेतकऱ्यानं तोटा सोसायचा, हे शरद जोशींच्या वळणाच्या उदारमतवाद्याला पटणं शक्य नव्हतं. लोकसभेला दिंडोरी आणि नाशिक या दोन्ही जागा महायुतीनं गमावल्या. पण निर्यातबंदीचं हत्यार काँग्रेसच्या सरकारांनीही उपसलं होतंच. मग राग काढायचा कुणावर?

राज्यात आलं की गणित का बिघडतं?

दिल्लीच्या लढाईत निदान बाजू तरी स्पष्ट दिसतात. मुंबईच्या राजकारणात मात्र त्याही पुसट होतात.

१९६६ मध्ये स्थापन झालेली शिवसेना महाराष्ट्रातल्या उदारमतवाद्यांच्या कायम विरोधात राहिलेली संघटना. १९९१ मध्ये शिवसैनिकांनी वानखेडेची खेळपट्टी उखडली. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींबाबत श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानं शिवसेनेच्या नेत्यांवर ठपका ठेवला. 'शिवसेनेला मत नाही' हे या मतदाराचं अनेक वर्षांचं सोपं सूत्र होतं.

मग २०१९ उजाडलं. विधानसभेत भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४ आणि काँग्रेस ४४ असा निकाल लागला. २३ नोव्हेंबरला पहाटे देवेंद्र फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी झाला, तो टिकला नाही. २८ नोव्हेंबरला उद्धव ठाकरे शिवाजी पार्कवर मुख्यमंत्री झाले, काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या पाठिंब्यानं. तीन पक्षांच्या किमान समान कार्यक्रमात संविधानातल्या धर्मनिरपेक्ष मूल्यांचा उल्लेख आला.

ज्यांनी काँग्रेसला मत दिलं होतं त्यांना शिवसेनेचा मुख्यमंत्री मिळाला. ज्यांनी युती म्हणून शिवसेनेला मत दिलं होतं त्यांना काँग्रेस सत्तेत बसलेली दिसली. दोघांनाही कुणी विचारलं नव्हतं.

जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदेंनी बंड केलं. जुलै २०२३ मध्ये अजित पवार सत्तेत गेले. दोन्ही वेळा निवडणूक आयोगानं पक्षाचं नाव आणि चिन्ह फुटून गेलेल्या गटाला दिलं. ११ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं चुकीचं होतं, पण उद्धव ठाकरेंनी चाचणीआधीच राजीनामा दिल्यामुळे त्यांना परत बसवता येणार नाही. चूक झाली हे मान्य आणि सरकार मात्र जागेवर, असा हा निकाल सामान्य मतदारापर्यंत पोहोचला.

यानंतर अनेक उदारमतवाद्यांनी २०२४ मध्ये आयुष्यात पहिल्यांदा ठाकरेंच्या शिवसेनेला मत दिलं. प्रेमात पडून दिलं असं नाही. फोडाफोडीचं राजकारण चालू द्यायचं नाही म्हणून दिलं.

सहा महिन्यांत दोन निकाल

२०२४ च्या लोकसभेत राज्यातल्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला मिळाल्या, महायुतीला १७. सांगलीची जागा अपक्ष म्हणून विशाल पाटलांनी जिंकली. प्रचाराच्या मध्यभागी 'संविधान' हा मुद्दा होता.

नोव्हेंबरमध्ये विधानसभा झाली. भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. महायुती मिळून २३०. आघाडीतले तिन्ही मोठे पक्ष मिळून ४६ वर आले.

या उलथापालथीत लिबरल मतदाराचा वाटा किती होता, हे आकड्यांवरून सांगता येत नाही. लोकसभेला दोन आघाड्यांच्या मतांमध्ये एक टक्क्याचंही अंतर नव्हतं. तिथे थोडी मतं इकडची तिकडे झाली तरी जागा धडाधड बदलतात.

पण या मतदाराच्या मनातली दुविधा मात्र दिसली. लाडकी बहीण योजना हे त्याचं उत्तम उदाहरण. महिन्याला १५०० रुपये थेट बाईच्या खात्यात. एक उदारमतवादी म्हणतो, निवडणुकीच्या तोंडावर सरकारी तिजोरीतून मतं विकत घेतली. दुसरा उदारमतवादी म्हणतो, घरातल्या बाईच्या हातात तिचे स्वतःचे पैसे आले, ते कुठे खर्च करायचे हे ती ठरवेल, यात वाईट काय? दोघंही आपापल्या तत्त्वाला धरून बोलतात. विशेष म्हणजे आघाडीनंही जाहीरनाम्यात विरोध न करता महिन्याला ३००० रुपयांचं आश्वासन दिलं.

आणि 'बटेंगे तो कटेंगे' या घोषणेला उघड नकार दिला तो महायुतीतल्याच अजित पवारांनी. हे महाराष्ट्रात चालणार नाही, असं ते म्हणाले. लिबरल मतदारानं आता टाळी नेमकी कुणासाठी वाजवायची?

अशी तडजोड पहिल्यांदाच झाली का?

नाही. पन्नास वर्षांपूर्वीही झाली होती.

१९७५ मध्ये इंदिरा गांधींनी आणीबाणी लावली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कराडला मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष दुर्गा भागवत होत्या आणि स्वागताध्यक्ष होते केंद्रात मंत्री असलेले यशवंतराव चव्हाण. दुर्गाबाईंनी त्यांच्यादेखत लेखनस्वातंत्र्याची बाजू घेतली आणि आजारी जयप्रकाश नारायणांसाठी प्रार्थना करायला सांगितलं. पुढे त्यांना अटक झाली. १९७७ च्या निवडणुकीत पु. ल. देशपांडे जनता पक्षाच्या प्रचारासाठी सभा घेत फिरले आणि निकालानंतर पुन्हा आपल्या कामाला लागले.

त्या जनता पक्षात समाजवादी होते तसा जनसंघही होता. म्हणजे १९७७ मध्ये महाराष्ट्रातल्या उदारमतवाद्यांनी काँग्रेसला हरवण्यासाठी जनसंघासोबत उभं राहणं मान्य केलं. २०१९ नंतर भाजपला रोखण्यासाठी त्यांनी शिवसेनेसोबत उभं राहणं मान्य केलं. त्यात हीच शिवसेना आणीबाणीच्या बाजूनं होती.

१९७७ ची मोट फार काळ बांधलेली राहिली नाही. जनता पक्षात राहून संघाचंही सदस्य राहता येईल का, हा प्रश्न पुण्याचे समाजवादी नेते मधु लिमये यांनी लावून धरला आणि १९७९ मध्ये सरकार कोसळलं. पण जाता जाता त्या सरकारनं ४४ वी घटनादुरुस्ती केली. त्यामुळे 'अंतर्गत अशांतता' एवढ्या कारणावर पुन्हा आणीबाणी लावता येत नाही. दोन वर्षांच्या तडजोडीतून पक्की कमाई झाली ती ही.

म्हणूनच २०१९ च्या तडजोडीबद्दलही विचारावं लागतं. त्यातून असं कायम टिकणारं काय मिळालं?

मोजपट्टी लावून बघू

मे २०२२. राज्यात महाविकास आघाडीचं सरकार. शरद पवारांबद्दल दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला मजकूर फेसबुकवर टाकल्याबद्दल अभिनेत्री केतकी चितळे यांना अटक झाली. वेगवेगळ्या ठिकाणी गुन्हे दाखल झाले. जामीन मिळायला महिन्याहून जास्त काळ गेला. मजकूर अत्यंत खालच्या पातळीचा होता, यावर बहुतेकांचं एकमत होतं. पण खालच्या पातळीचं लिहिणं हा महिनाभर कोठडीत ठेवण्याइतका गुन्हा आहे का, हा प्रश्न विचारणारे लिबरल त्या वेळी कमी होते.

मार्च २०२५. राज्यात महायुतीचं सरकार. एकनाथ शिंदेंवरच्या विडंबनगीतावरून शिवसैनिकांनी मुंबईतल्या खारमधला स्टुडिओ फोडला आणि कॉमेडियन कुणाल कामरावर गुन्हा दाखल झाला. या वेळी बाजू उलट्या झाल्या. चितळेंच्या अटकेवर चिडलेले गप्प बसले आणि तेव्हा गप्प बसलेले चिडले.

पालघर, चितळे, कामरा. तीन सरकारं, तीन वेगवेगळे पक्ष, पोलिसांची वागण्याची पद्धत साधारण एकच. उदारमतवादी असण्याची परीक्षा यातल्या दुसऱ्याच्या नेत्यावरच्या पोस्टनं होत नाही. आपल्या नेत्यावरच्या पोस्टनं होते.

जुलै २०२५ मध्ये याहून मोठी परीक्षा आली. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक विधानसभेत मांडलं गेलं. कडव्या डाव्या संघटनांना आळा घालण्यासाठी कायदा हवा, असं सरकारचं म्हणणं. एखादी संघटना बेकायदा ठरवण्याची व्याख्या फार सैल आहे, उद्या ती कुणालाही लागेल, असं विरोध करणाऱ्यांचं म्हणणं. विधेयक आधी संयुक्त समितीकडे गेलं होतं आणि लोकांकडून बारा हजारांहून जास्त सूचना आणि हरकती आल्या होत्या.

तरीही १० जुलैला विधानसभेत ते आवाजी मतदानानं मंजूर झालं. ठाम विरोध नोंदवणारे आमदार होते माकपचे विनोद निकोले. डहाणूचे, म्हणजे पालघर जिल्ह्यातलेच. बाकी मोठ्या विरोधी पक्षांनी चर्चेत शंका काढल्या, पण रेटून विरोध केला नाही. विधान परिषदेत दुसऱ्या दिवशी सभात्याग झाला.

संविधान वाचवण्यासाठी आघाडीला मत दिलेल्या माणसाला या मतदानात आपला आमदार कुठे होता, हे शोधावं लागलं.

लिबरल मतदाराचंही काही चुकतं का?

चुकतं. आणि टीका करणाऱ्यांच्या काही मुद्द्यांत दम आहे.

पहिला मुद्दा, हा मतदार स्वातंत्र्यावर भरभरून बोलतो, पण सोयाबीनचा भाव, आरक्षण, पाणी यावर त्याचं बोलणं तोकडं पडतं. ज्याच्या घरात कर्ज थकलंय त्याला निवडणूक रोख्यांचा निकाल लांबचा वाटतो.

दुसरा मुद्दा, जात. आगरकर-गोखल्यांची परंपरा सांगणाऱ्यांमध्ये दीर्घकाळ शहरी आणि उच्चवर्णीय मंडळीच पुढे राहिली. फुले-आंबेडकरांच्या वाटेनं आलेल्या लोकांना या वर्तुळात बरोबरीची जागा मिळाली का, हा प्रश्न दलित कार्यकर्ते आणि लेखक सातत्यानं विचारत आले आहेत.

तिसरा मुद्दा, तुच्छता. ज्यानं वेगळं मत दिलं त्याला 'भक्त' नाहीतर 'विकला गेलेला' म्हणून मोकळं होणं सोपं असतं. पण माणसाला त्याच्या मताचा हक्क आहे असं मानणाऱ्यानं हे म्हणणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं.

मग मत द्यायचं कुणाला?

काही जण नोटाकडे वळतात. २०१९ मध्ये लातूर ग्रामीण मतदारसंघात नोटाला २७ हजारांहून जास्त मतं पडली आणि नोटा चक्क दुसऱ्या क्रमांकावर राहिला. पण नोटाला कितीही मतं पडली तरी उमेदवारांमध्ये ज्याला जास्त मतं, तोच निवडून येतो.

त्यामुळे बहुतेक लिबरल मतदार कमी नुकसान करेल अशा उमेदवाराला मत देऊन येतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. गडबड होते ती मत दिल्यानंतर. कमी वाईट म्हणून निवडलेला पक्ष हळूहळू 'आपला' पक्ष होतो आणि मग त्याच्या चुकांना कारणं शोधली जातात.

शेवटी पुन्हा पालघरकडे येऊ. त्या दोन मुलींवरचा गुन्हा पुढे मागे घेण्यात आला. अटकेची बातमी वाचून श्रेया सिंघल या तरुणीनं सुप्रीम कोर्टात याचिका केली. तेव्हा ती कायद्याचं शिक्षण घेण्याच्या तयारीत होती, कुठल्या पक्षाकडून आली नव्हती. खटला चालू असताना २०१४ मध्ये केंद्रात सत्ताबदल झाला. काँग्रेसच्या काळात आलेलं ६६ अ हे कलम नव्या भाजप सरकारनंही कोर्टात सोडलं नाही, गैरवापर होणार नाही असं सांगत त्याची पाठराखण केली.

२४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टानं ते कलम रद्द केलं.

तरीही पुढची काही वर्षं वेगवेगळ्या राज्यांतले पोलीस त्याच रद्द झालेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवत राहिले. २०२१ मध्ये हे समोर आलं तेव्हा सुप्रीम कोर्टानं धक्का बसल्याचं सांगितलं आणि २०२२ मध्ये असे गुन्हे नोंदवू नका असे आदेश द्यावे लागले. कलम आणणाऱ्यांना, ते वाचवणाऱ्यांना आणि ते रद्द झाल्यावरही वापरणाऱ्यांना कुणीतरी मत दिलेलंच होतं. पुढच्या वेळी न आवडणाऱ्या माणसाला पोस्टवरून अटक झाली की बोट आधी लाफिंग इमोजीकडे जाईल. तेव्हा पालघरमध्ये एकीला फक्त लाईकसाठी अटक झाली होती, एवढं आठवलं तरी पुरे.